पांढरा चौकोन घालवा: स्लाइडसाठी पारदर्शक चित्रं कशी तयार करायची

निळ्या स्लाइडवर हापूसचा फोटो टाकला, की आंब्याबरोबर टेबलाचा कोपरा, मागची भिंत आणि कोणाच्या तरी हाताचा तुकडाही स्लाइडवर येऊन बसतो. फोटो पांढऱ्या कागदावर काढलेला असेल, तर निळ्यावर पांढरा चौकोन उठून दिसतो. आपल्याला हवा असतो फक्त आंबा. हे काम अवघड नाही, पण बरेच जण ते उलट्या टोकाकडून सुरू करतात. आधी फोटो कसाही काढतात आणि मग चांगलं ॲप शोधत बसतात. मी इतकंच ठामपणे सांगेन की कट-आउट, म्हणजे पार्श्वभूमीतून कापून काढलेली नुसती वस्तू, चांगला निघणार की नाही हे फोटो काढतानाच ठरतं, आणि तो निघाला की नाही हे कडेकडे बघून कळतं. सॉफ्टवेअरचं काम या दोहोंच्या मधलं आहे. म्हणून इथे फोटोला आणि कडेला जास्त जागा दिली आहे.

बचत गटाच्या कोकम आगळाची माहिती देणाऱ्या ताई, शाळेत खाडीवरचा प्रकल्प मांडणारे शिक्षक, होमस्टे चालवणारं कुटुंब, मच्छीमार सोसायटीचे चिटणीस, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. पॉवरपॉइंट उघडून स्लाइड तयार करता येते, एवढी ओळख पुरेशी आहे.

फाईलच्या आत काय असतं

डिजिटल चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. प्रत्येक ठिपक्याचे, म्हणजे पिक्सेलचे, तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. पारदर्शक चित्रात चौथा आकडा येतो, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ० असेल तर तो ठिपका दिसत नाही, त्याच्या जागी मागची स्लाइड दिसते. २५५ असेल तर ठिपका पूर्ण भरीव. मधले आकडे म्हणजे कमी-जास्त अर्धपारदर्शक ठिपके. आंब्याची गोलाई स्लाइडवर गुळगुळीत दिसते ती कडेवरच्या या मधल्या आकड्यांमुळे.

हा चौथा आकडा साठवायची सोय प्रत्येक प्रकारच्या फाईलमध्ये नसते. जेपीईजीमध्ये, म्हणजे मोबाईलचे बहुतेक फोटो ज्या प्रकारात साठवले जातात त्यात, अल्फाला जागाच नाही. पार्श्वभूमी कितीही निगुतीने काढा, जेपीईजी म्हणून जतन केलंत की रिकामी जागा पांढऱ्या किंवा काळ्या रंगाने भरून येते. जीआयएफमध्ये ठिपका एक तर पूर्ण दिसतो नाही तर पूर्ण गायब होतो. मधलं काही नसल्यामुळे कडा दातेरी येतात. पीएनजी हा प्रकार १९९६ साली प्रमाणित झाला. जीआयएफमधल्या पेटंटच्या कटकटीतून सुटण्यासाठीच तो तयार केला गेला होता, आणि त्यात पारदर्शकतेच्या २५६ पातळ्या मिळतात. वेबपीमध्येही पारदर्शकता असते, पण जुन्या पॉवरपॉइंटला ती फाईल उघडता येत नाही. सभागृहातला संगणक किती जुना असेल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे स्लाइडसाठी पीएनजीच वापरा.

इथेच एक फसगत सांगून ठेवते. इंटरनेटवर ‘पारदर्शक’ म्हणून शोधलेल्या चित्रामागे राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा चौकटी म्हणजे ‘इथे काही नाही’ अशी खूण असते. पण बऱ्याच साइटवर त्या चौकटी चित्रातच रंगवलेल्या असतात, आणि चित्र स्लाइडवर टाकलं की चौकटींसकट येतं. ओळखायचा सोपा उपाय: चित्र स्लाइडवर ठेवा आणि त्याच्या मागे गडद रंगाचा एक आयत टाका. रंग आरपार दिसला तर चित्र खरंच पारदर्शक आहे.

आधी फोटो

कोकणात चित्रं इंटरनेटवरून उचलायची गरज फारशी पडू नये. आंबा, रातांबे (कोकमाची फळं), काजूची बोंडं, पापलेट, शिंपले, सगळं दारात आहे. स्वतः काढलेला फोटो कोणाच्या परवानगीविना वापरता येतो, आणि कट-आउट सोपा जाईल अशा पद्धतीने काढता येतो. तेवढ्यासाठी तीन गोष्टी सांभाळायच्या.

पहिली गोष्ट उजेड. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात वस्तूखाली काळीभोर सावली पडते, आणि सॉफ्टवेअरला वस्तू कुठे संपली आणि सावली कुठे सुरू झाली ते कळत नाही. फोटो पडवीत किंवा ओटीवर, जिथे थेट ऊन येत नाही पण उजेड भरपूर असतो, तिथे काढा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ या कामाला फार चांगलं, कारण उजेड सगळीकडून सारखा येतो आणि सावल्या पुसट होतात. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. तो समोरून चकाकी पाडतो आणि मागच्या भिंतीवर वस्तूची कडक सावली उमटवतो.

जांभ्या दगडाच्या अंगणात किंवा चिऱ्याच्या भिंतीजवळ फोटो काढत असाल तर आणखी एक काळजी घ्या. दगडावर पडलेला उजेड तांबूस होऊन परततो आणि वस्तूच्या खालच्या बाजूला तीच छटा चढते. पार्श्वभूमी काढल्यावरही ही छटा वस्तूवर राहते, आणि पांढऱ्या स्लाइडवर पापलेटचं पोट गुलाबी का दिसतं, हे कोणाला कळत नाही. खाली एक मोठा पांढरा किंवा राखाडी कार्डपेपर अंथरला की हा प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट मागचा रंग. सॉफ्टवेअर रंगातला आणि उजेडातला फरक शोधतं. म्हणून मागचा रंग वस्तूपेक्षा वेगळा, सपाट आणि बिनचकाकीचा हवा. पिकलेला हापूस निळ्या कार्डपेपरवर छान सुटतो. रातांबे गर्द लाल, त्यांना पांढरा कागद बरा. कैरी किंवा नारळाची झावळी हिरव्या अंगणात कधीही काढू नका. केळीच्या पानावर मांडलेला पदार्थ ताटात सुंदर दिसतो, पण फक्त पदार्थ कापून घ्यायचा असेल तर पान आधी बाजूला काढावं.

मासळीचा नियम वेगळा आहे. बांगडा, पापलेट, सुरमई यांची कातडी आरशासारखी उजेड परतवते. निळ्या कागदावर ठेवलेला मासा कडेला निळा दिसतो, हिरव्यावर हिरवा. अशा चकचकीत वस्तूंना राखाडी किंवा काळा मॅट कागद वापरा. पांढऱ्यावर पापलेट ठेवलं तर पोटाची कड कागदातच विरून जाते आणि मग कुठलंही साधन ती परत शोधून देऊ शकत नाही. मासा कापडाने टिपून घ्या, पाण्याचे थेंब कडेवर चमकले की तिथे तुटकपणा येतो.

तिसरी गोष्ट अंतर. वस्तू मागच्या भिंतीपासून किंवा कापडापासून दोन हात पुढे ठेवली, तर सावली भिंतीवर पडत नाही आणि भिंत थोडी धूसर येते. मोबाईल अगदी जवळ नेऊ नका. जवळून फोटो काढला की वस्तूचा पुढचा भाग फुगल्यासारखा दिसतो. थोडं मागे उभं राहून दुप्पट झूम वापरणं चांगलं. फ्रेममध्ये वस्तूच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडा. शेपटीचं टोक फोटोतच कापलं गेलं असेल तर ते नंतर कुठून आणणार?

पॉवरपॉइंटमध्येच काम होत असेल तर

बहुतेकांकडे पॉवरपॉइंट असतंच, आणि पार्श्वभूमी काढायची सोय त्यात २०१० च्या आवृत्तीपासून आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पॉवरपॉइंटमध्ये ती मिळेलच असं नाही, संगणकावर बसवलेलं बरं.

फोटो स्लाइडवर आणा आणि त्यावर क्लिक करा. वर ‘पिक्चर फॉरमॅट’ नावाचा टॅब येईल, जुन्या आवृत्तीत नुसता ‘फॉरमॅट’. त्यात अगदी डावीकडे ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ आहे. ते दाबलं की फोटोचा काही भाग जांभळट गुलाबी होतो. हा गुलाबी भाग जाणार आणि उरलेला राहणार. पहिल्या फटक्यात ते क्वचितच अचूक येतं. आंब्याचं देठ गुलाबी झालं असेल तर ‘मार्क एरियाज टू कीप’ निवडून देठावर एक रेघ ओढा. कागदाचा तुकडा राहिला असेल तर ‘मार्क एरियाज टू रिमूव्ह’ निवडून त्यावर रेघ ओढा. छोट्या रेघा मारा. एका लांब रेघेने भलताच भाग उडतो. कडेच्या जवळ काम करताना झूम ३०० टक्क्यांवर न्या. मनासारखं झालं की ‘कीप चेंजेस’. काही बिघडलं तर त्याच बटणाकडे परत जाऊन दुरुस्त करता येतं, कारण मूळ फोटो आतमध्ये तसाच असतो.

चित्र दुसऱ्या स्लाइडला, पोस्टरला किंवा दुसऱ्या माणसाला लागणार असेल, तर त्यावर उजवं क्लिक करून ‘सेव्ह ॲज पिक्चर’ घ्या आणि प्रकारात पीएनजी आहे ना ते बघा.

याच टॅबमध्ये ‘कलर’ या बटणाच्या तळाशी ‘सेट ट्रान्स्परंट कलर’ असतं. नवशिक्यांना ते आवडतं, कारण एका क्लिकमध्ये पांढरं जातं. पण ते नेमका एकच रंग काढतं, आणि तोही चित्रात जिथे जिथे असेल तिथून. फोटोतला पांढरा कागद खरं तर शेकडो जवळजवळच्या पांढऱ्या छटांचा असतो, त्यातली एक जाते आणि बाकीच्यांचे डाग उरतात. शिवाय माशाच्या डोळ्यातला पांढरा ठिपकाही जातो आणि डोळ्यातून स्लाइड दिसू लागते. हे साधन संगणकावर काढलेल्या सपाट चित्रांसाठी ठेवा: सोसायटीचा लोगो, नकाशातला बाण, एकरंगी आकृती. फोटोला ते लावू नका.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना इम्प्रेसमध्ये, म्हणजे त्यातल्या स्लाइड करायच्या भागात, ‘टूल्स’ मेनूत ‘कलर रिप्लेसर’ मिळतं. त्यात रंगाबरोबर किती जवळच्या छटा धरायच्या याची टक्केवारी देता येते, त्यामुळे स्कॅन केलेल्या चित्रांवर ते जरा बरं चालतं.

गोल वस्तूंना तर यातलं काहीच नको. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे रंगवलेले पत्ते, गोलच असते. फोटोवर ‘क्रॉप’ खालचा बाण दाबा, ‘क्रॉप टू शेप’मधून वर्तुळाकृती निवडा, मग लांबी-रुंदीचं प्रमाण १:१ करा आणि पत्ता त्या वर्तुळात नीट बसवा. कड कुठल्याही स्वयंचलित साधनापेक्षा स्वच्छ येते. थाळी, सोलकढीची वरून दिसणारी वाटी, नाणं, सगळ्यांना हेच करा.

मोबाईलवर

आयफोनवर आयओएस १६ पासून फोटोतल्या वस्तूवर बोट दाबून धरलं की ती पार्श्वभूमीतून सुटून येते आणि कॉपी किंवा शेअर करता येते. अँड्रॉइडवर काही कंपन्यांच्या गॅलरीत अशीच सोय असते, नसेल तर वेबसाइटचा आधार घ्यावा लागतो. या साइट फोटो त्यांच्या सर्व्हरवर चढवून घेतात, काही सेकंदांत कट-आउट देतात, आणि फुकटात बहुधा लहान आकाराचं चित्र देतात. कोपऱ्यातल्या छोट्या चित्राला ते पुरतं, अर्धी स्लाइड भरायची असेल तर फुटतं.

फोटोत माणसं असतील, विशेषतः शाळेतली मुलं, तर अनोळखी साइटवर चढवू नका. शिंपल्याचं काही बिघडत नाही, मुलांच्या चेहऱ्यांचं तसं नाही. तिथे आपल्या संगणकावरच काम करा.

गिंपमध्ये, सावकाश आणि नीट

ज्यांना हे काम वारंवार करायचंय त्यांनी गिंप हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर शिकून घ्यावं. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. पावसात रेंज गेली तरी काम थांबत नाही. सुरुवातीला बटणांची गर्दी बघून घाबरायला होतं, पण आपल्याला त्यातली मोजकीच लागतात.

फोटो गिंपमध्ये उघडा. ‘लेयर’ मेनूत ‘ट्रान्स्परन्सी’ आणि त्यात ‘ॲड अल्फा चॅनल’ निवडा. जेपीईजी फोटोला चौथा आकडा नसतो हे वर आलंच आहे, तो इथे जोडला जातो. ही पायरी गाळली तर पुढे काढलेला भाग पारदर्शक होण्याऐवजी पांढरा किंवा दुसऱ्याच एका रंगाने भरलेला दिसतो, आणि माणूस तिथेच अडकून बसतो.

आता कीबोर्डवर ‘यू’ दाबा. जादूच्या कांडीचं चित्र असलेलं ‘फझी सिलेक्ट’ साधन हातात येतं. मागच्या कागदावर क्लिक करा आणि बटण न सोडता माऊस हळूहळू सरकवा. निवड वाढत जाते. ती वस्तूत शिरायच्या आधी थांबा. कागदाचा एखादा कोपरा राहिला असेल तर शिफ्ट दाबून तिथे क्लिक करा, म्हणजे तोही निवडीत येतो. आंब्याचाच तुकडा चुकून आला असेल तर कंट्रोल दाबून त्यावर क्लिक केलं की तो बाहेर पडतो.

यानंतरच्या दोन क्लिकमुळे कट-आउट नवशिका वाटत नाही. ‘सिलेक्ट’ मेनूतून ‘ग्रो’ निवडून १ पिक्सेल द्या. पार्श्वभूमीची निवड एक पिक्सेल वस्तूच्या आत सरकते आणि कडेवर राहिलेली कागदाच्या रंगाची बारीक रेघ तिच्यात येते. मग त्याच मेनूतून ‘फेदर’ला १ किंवा २ पिक्सेल द्या, म्हणजे कड एकदम तुटत नाही, सौम्यपणे संपते. मोठ्या फोटोला २ किंवा ३ पिक्सेल लागतील, पण यापुढे गेलात तर वस्तू धुक्यात बुडाल्यासारखी दिसते.

शेवटी ‘डिलीट’ दाबा. मागे चौकटी दिसल्या म्हणजे झालं.

थोडी सवय झाली की डिलीट करण्याऐवजी लेयर मास्क वापरा. निवड उलटी करा, ‘लेयर’ मेनूतून ‘मास्क’ आणि ‘ॲड लेयर मास्क’ घ्या आणि ‘सिलेक्शन’ हा पर्याय निवडा. मास्कवर काळ्या ब्रशने रंगवलं की तो भाग झाकला जातो, पांढऱ्याने रंगवलं की परत येतो. फोटोचा एकही ठिपका कायमचा जात नाही. माशाचा पर चुकून झाकला गेला असेल तर दोन मिनिटांत परत आणता येतो. हे शिकायला एक संध्याकाळ लागते, आणि ती देण्यासारखी आहे.

जतन करताना ‘सेव्ह’ दाबलंत तर गिंपची स्वतःची फाईल तयार होते, ती पॉवरपॉइंटमध्ये उघडत नाही. ती मूळ काम म्हणून ठेवून द्या. स्लाइडसाठी ‘एक्सपोर्ट ॲज’ घ्या आणि नावाच्या शेवटी ‘.png’ हे शेपूट लावा. त्याआधी ‘इमेज’ मेनूतलं ‘क्रॉप टू कन्टेन्ट’ दाबून वस्तूभोवतीची रिकामी जागा काढून टाका. ही जागा डोळ्यांना दिसत नसली तरी स्लाइडवर वस्तू मध्यावर आणायला गेलात की नेम चुकतो, आणि शेजारच्या मजकुरावर क्लिक करायला गेलात की हेच चित्र हाताला लागतं.

रेखाटनांसाठी

रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवरच्या, म्हणजे कातळाच्या पठारांवरच्या, कातळशिल्पांची रेखाटनं शाळांच्या प्रकल्पांत पुष्कळदा असतात. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून त्यांच्याबद्दलची उत्सुकता वाढली आहे आणि मुलं मन लावून आकृत्या काढतात. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेली आकृती गडद स्लाइडवर आणायची असेल, तर वरची फझी सिलेक्टची पद्धत वापरू नका. रेघांच्या आत, वळणांत, दोन रेघांच्या मधे कागद अडकून राहतो.

गिंपमध्ये याला ‘कलर टू अल्फा’ आहे, ‘लेयर’ मेनूतल्या ‘ट्रान्स्परन्सी’मध्येच. पांढरा रंग निवडा, बस. ते प्रत्येक ठिपक्यातून पांढऱ्याचा अंश काढून घेतं: काळी शाई भरीव राहते, पेन्सिलीची राखाडी छटा अर्धपारदर्शक होते, कागद पूर्ण जातो. रेघेचा हातचा थरथरता पोत टिकतो. स्कॅन करताना कागदावर सावली नको, नाही तर ती धुरासारखी शिल्लक राहते. मोबाईलने फोटो काढलात तर आधी ‘लेव्हल्स’मध्ये उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवून कागद पांढराशुभ्र करून घ्या. गडद स्लाइडवर काळ्या रेघा दिसणार नाहीत, म्हणून नंतर ‘कलर्स’ मेनूतून ‘इन्व्हर्ट’ करा. रेघा पांढऱ्या होतात, पारदर्शकता जागच्या जागी राहते.

कापू नये अशा गोष्टी

मासेमारीचं जाळं, माडाची झावळी, गलबताचे दोर, वाऱ्यावर उडणारे केस आणि काचेची बाटली. यांच्यापायी लोक तास घालवतात आणि शेवटी वैतागून सगळंच सोडून देतात.

जाळं पांढऱ्या ढगाळ आभाळासमोर धरून फोटो काढा आणि वरचं कलर टू अल्फा वापरा. गडद जाळं त्यात छान सुटतं. वाळूवर पसरलेलं जाळं कापायचा नाद सोडा, तो फोटो आयताकृतीच ठेवा. कोकम सरबताच्या बाटलीचा प्रश्न आणखी निराळा आहे. काचेतून मागचं दिसतं, त्यामुळे पार्श्वभूमी काढली तरी बाटलीच्या पोटात ती तशीच उरते. बाटली स्लाइडच्या रंगाच्या कागदापुढे ठेवूनच फोटो काढा. स्लाइड पांढरी असेल तर पांढऱ्या कागदापुढे काढलेल्या बाटलीचं काही कापायचीच गरज उरत नाही.

कापताना खरेपणा जपा

सजावटीसाठी कापलेल्या आंब्याचं देठ गेलं तर फार बिघडत नाही. पण मासे ओळखायची स्लाइड असेल तर गोष्ट गंभीर आहे. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, आणि त्याचे मागे वळलेले लांब टोकदार पर ही त्याची ओळख. स्वयंचलित साधनं नेमके हेच पातळ भाग पार्श्वभूमी समजून उडवतात. तिवराच्या झाडाचंही तसंच. चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळं कट-आउटमध्ये साफ गायब होतात, आणि कांदळवनाच्या पाठात मुलांना दाखवायची असतात तीच. स्वयंचलित साधनाने दिलेलं चित्र मूळ फोटोशेजारी ठेवून एकेक टोक तपासा. काही गळलं असेल तर मास्कने परत आणा.

पार्श्वभूमी काढली की आकाराचा अंदाजही जातो. हाताच्या पंजाएवढा बांगडा आणि मीटरभर वाढणारी सुरमई स्लाइडवर सारख्याच लांबीची दिसली, तर बघणाऱ्याची समजूत चुकते. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, तिच्यावरून माप घ्या, आणि स्लाइडवर चित्राखाली तेवढ्या प्रमाणाची एक रेघ आखून ‘१० सेंमी’ असं लिहा. शाळेच्या प्रकल्पात परीक्षक हेच आधी बघतात, आणि त्यांनी बघायलाच हवं.

कड तपासणं

स्लाइडची जी पार्श्वभूमी प्रत्यक्ष असणार आहे तिच्यावरच चित्र ठेवून बघा. पांढऱ्यावर निर्दोष वाटलेल्या चित्राभोवती गडद निळ्यावर पांढरी किनार चमकते; ती जुन्या कागदाची. गिंपमध्ये ‘ग्रो’ एका पिक्सेलने वाढवून परत काढा. वेळच नसेल तर स्लाइडचा रंग हलका करा, किनार दिसेनाशी होते. काळ्या कागदावर काढलेल्या माशाचं उलटं: त्याला काळी किनार असते, म्हणून त्याला गडद स्लाइड मानवते.

वस्तू स्लाइडवर तरंगताना दिसली तर ‘पिक्चर इफेक्ट्स’मधून हलकी सावली द्या. पारदर्शक चित्राची सावली वस्तूच्या आकाराने पडते. एका स्लाइडवर आंबा, काजू आणि कोकम असतील तर तिघांच्या सावल्या एकाच बाजूला हव्यात, आणि फोटोतला उजेडही त्याच बाजूने आलेला हवा. डावीकडून उजळलेलं फळ उजवीकडून हवं असेल तर चित्र आडवं उलटवा. मात्र त्यावर अक्षरं असतील, जसं पेटीवरचं नाव, तर ती उलटी होतील.

आकार आणि पाठवणं

आजची सर्वसाधारण स्लाइड १६:९ प्रमाणात असते आणि बहुतेक प्रोजेक्टर फार तर १९२० बाय १०८० ठिपके दाखवतात. अर्धी स्लाइड रुंदीने भरणाऱ्या चित्राला साधारण हजार ठिपक्यांची रुंदी पुरते, सवड म्हणून दीड हजार ठेवा. मोबाईलचा चार हजार रुंदीचा फोटो पीएनजी केला की फाईल बरीच जड होते, कारण पीएनजी जेपीईजीसारखं तपशील टाकून आकार कमी करत नाही. अशी दहा चित्रं झाली की जुना लॅपटॉप स्लाइड बदलताना अडखळतो. म्हणून एक्सपोर्ट करण्याआधी ‘इमेज’ मेनूतल्या ‘स्केल इमेज’मधून रुंदी कमी करा. मूळ मोठी फाईल जपून ठेवा, पुढे बॅनर छापायचा झाला तर तीच लागेल.

पारदर्शक चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून कधीही पाठवू नका. वाटेत त्याचं जेपीईजी होतं आणि पलीकडच्या माणसाला काळी किंवा पांढरी पार्श्वभूमी मिळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ई-मेल करा. फाईलच्या नावातच ‘पारदर्शक’ असं लिहून ठेवलंत तर गटातली पुढची व्यक्ती तेच काम पुन्हा करत बसणार नाही. गटाचं एक सामायिक फोल्डर केलंत आणि हंगामात फळांचे, मासळीचे कट-आउट त्यात साठवत गेलात, तर वर्षभराच्या स्लाइड त्यातून निघतात.

विकिमीडिया कॉमन्ससारख्या, फोटोंच्या खुल्या संग्रहातला फोटो घेतलात, तर त्याच्याखाली दिलेला परवाना वाचा. बहुतेक वेळा छायाचित्रकाराचं नाव देणं बंधनकारक असतं, आणि पार्श्वभूमी काढली म्हणून ते नाव गाळता येत नाही. चित्राखाली बारीक अक्षरात लिहा.

कार्यक्रमाच्या जागी तासभर आधी पोचा आणि त्यांच्याच प्रोजेक्टरवर सगळ्या स्लाइड एकदा सरकवून बघा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा पडदे नसलेल्या सभागृहात दिवसा गडद स्लाइड फिकट राखाडी दिसते. तिथे हलक्या रंगाच्या स्लाइडची दुसरी प्रत तयार हवी, आणि चित्रं पारदर्शक असल्यामुळे ती करायला फक्त मागचा रंग बदलावा लागतो. पेनड्राइव्हवर पीपीटीबरोबर पीडीएफही ठेवा. त्यांच्या संगणकावर मराठी फॉन्ट बदलले किंवा पॉवरपॉइंट उघडलंच नाही, तरी पीडीएफमध्ये अक्षरं आणि चित्रांच्या कडा जशाच्या तशा राहतात.